वयात येताना शब्द कुठून मिळतात

लैंगिकतेचे शिक्षण अंघोळीच्या मोरीत सुरू होते. नाक, कान, कोपर, घोटा ही नावे आई पाणी ओतता ओतता शिकवते. पोटाखाली आले की नावे संपतात आणि 'तिथे', 'शूची जागा', 'शी, हात काढ' एवढेच उरते. आपल्या शरीराच्या एका भागाचे नाव मोठी माणसे घेत नाहीत, हे मुलाला चौथ्या-पाचव्या वर्षीच कळलेले असते. तसे कुणी सांगितलेले नसते, तरी धडा पक्का बसतो.

त्या भागांना पुढे नावे मिळतात ती दोन ठिकाणांहून. काही शिव्यांतून येतात, काही विज्ञानाच्या पुस्तकातून. शिवीतला शब्द आईसमोर काढता येत नाही आणि पुस्तकातले 'शिश्न', 'योनी', 'वृषण' परीक्षेबाहेर कुणी वापरत नाही. दुखले, खाज आली किंवा कुणी नको तिथे हात लावला, तर ते कोणत्या शब्दांत सांगायचे हा प्रश्न मराठी घरांत पिढ्यानपिढ्या तसाच पडून आहे.

लैंगिकता म्हणजे केवळ शरीरसंबंध नव्हे. वयात येताना शरीर कसे बदलते, ओढ कुणाविषयी वाटते, ती कशी व्यक्त करायची, नकार कसा द्यायचा आणि ऐकायचा, मूल कसे होते, नको असेल तर काय करायचे, बाईने कसे वागावे आणि पुरुषाने कसे, हे सगळे तिच्यात येते. यातले बरेचसे मुले शाळेबाहेर शिकतात. घर, नातेवाईक, मित्रमैत्रिणी, सिनेमा, भिंतीवरच्या जाहिराती आणि आता हातातला फोन हे त्यांचे शिक्षक. प्रत्येकाची भाषा वेगळी आहे, आणि ज्या भाषेत शिकायला मिळते तिच्यावर काय शिकायला मिळते हे बरेचसे ठरते.

हे नीट पाहायचे असेल तर पालघर-बोईसरचा पट्टा चांगले उदाहरण आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. त्याच्या किनाऱ्यावर सातपाटी, तारापूर, डहाणू ही मांगेला, वैती आणि वाडवळ वस्तीची गावे आहेत, तर पूर्वेच्या डोंगरात जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी यांचे तालुके. मधून पश्चिम रेल्वे जाते. तिच्यावरच्या बोईसरला १९६९ मध्ये सुरू झालेले तारापूर अणुऊर्जा केंद्र आणि त्याशेजारची औद्योगिक वसाहत यांनी गावाचे शहर केले. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे कामगार इथल्या चाळींत राहतात. बोईसरच्या एकाच वर्गात घरी वारली बोलणारी मुलगी, भोजपुरी बोलणारा मुलगा आणि गुजराती बोलणारी मुलगी एका बाकावर बसलेली असू शकतात. तिघांच्या घरी पाळीला वेगवेगळे शब्द आहेत, तिघांच्या घरी तो विषय टाळायची रीत मात्र एकच आहे.

मुलीच्या बाबतीत घर एकदा तरी बोलते, कारण पाळी येते तेव्हा न बोलून चालत नाही. पण तेव्हाही विषयाला आडवळणानेच हात घातला जातो. 'कावळा शिवला', 'बाहेर बसली', 'अडचण आहे', आणि अलीकडे 'डेट आली'. बहुतेक घरांत ही माहिती पाळी आल्यावर दिली जाते, आधी नाही. साहजिकच पहिल्या दिवशी अनेक मुलींना आपल्याला काही इजा झाली किंवा मोठा आजार जडला असे वाटते. मग आई, अनेकदा आईऐवजी काकू, मामी किंवा मोठी बहीण, चार सूचना देते: पॅड किंवा कापड असे घे, देवाजवळ जाऊ नकोस, कुणाला सांगू नकोस, आणि आता मुलांपासून जपून राहा. पहिल्या तीन सूचना समजतात. चौथीचा पहिल्या तीनांशी काय संबंध, हे कुणी सांगत नाही. गर्भाशयाचे अस्तर, बीज, गर्भधारणा या कड्या मधून गळालेल्या असतात. म्हणून मुलाच्या शेजारी बसल्याने, हात धरल्याने किंवा चुंबनाने दिवस जातात अशी भीती पुढची काही वर्षे मनात राहते, आणि ज्या कृतीने खरोखर दिवस जातात तिच्याबद्दल अज्ञानही राहते. भीती आणि अज्ञान एकाच डोक्यात शेजारी शेजारी नांदतात, ही या शिक्षणाची सर्वांत वाईट बाजू आहे.

मुलाच्या बाबतीत घर एकदाही बोलत नाही. आवाज फुटतो, मिसरूड येते, यावर काका-मामा थट्टा करतात. झोपेत वीर्यस्खलन होते तेव्हा मुलगा चड्डी लपवून धुतो आणि गप्प बसतो. त्याला कुणी सांगायचे, तर वडिलांनी. पण औद्योगिक वसाहतीत कामाच्या पाळ्या बदलत्या असतात. वडील रात्रपाळीहून येतात तेव्हा मुलगा शाळेत गेलेला असतो. सातपाटीची मोठी बोट एकदा बाहेर पडली की अनेक दिवस समुद्रात असते. डहाणू-तलासरीकडचे कितीतरी आदिवासी पुरुष गुजरातच्या बंदरांवर खलाशी म्हणून जातात आणि महिनोन्महिने घरी नसतात. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याची कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर जातात. बाप घरात असून बोलत नाही ही मध्यमवर्गाची तक्रार झाली. इथे अनेक मुलांना बाप भेटतच नाही.

तरी घर शिकवतच असते, ते न बोलता. बोईसरच्या चाळीतली एक खोली डोळ्यांपुढे आणावी: दहा बाय बारा, एका कोपऱ्यात मोरी, दुसऱ्यात गॅस, पलंगाखाली ट्रंका, भिंतीवर टीव्ही. जेवताना मालिकेत नायक-नायिका जवळ येतात, बाप रिमोट उचलतो, बातम्या लागतात, आई 'भाजी वाढू का' विचारते आणि आजी पदर सारखा करते. कुणी एक शब्द बोललेले नाही. मुलीने मान ताटात घातलेली आहे, भावाने ओठ दाबलेले आहेत. रात्री याच खोलीत पाच जण ओळीने झोपतात. आईवडिलांमध्ये काही आहे हे मुलांना ठाऊक असते, आपल्याला ते ठाऊक नाही असे दाखवायचे असते हेही ठाऊक असते. सॅनिटरी पॅड दुकानातून काळ्या पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून येते. मुलाला बाहेर मोकळीक आणि मुलीला सातच्या आत घरात हा नियमही एक पाठच आहे: काही घडले तर जबाबदार मुलगीच धरली जाईल, असे तो दोघांना शिकवतो.

पूर्वी हे सगळे झाकलेले होते आणि आताच उघडे पडले, असे मानणे बरोबर नाही. महाराष्ट्रात अनेक जातींत पहिल्या पाळीला न्हाण आले म्हणत. मुलीला मखरात बसवत, ओटी भरत, गाणी म्हणत. मुलीला न विचारता तिची गोष्ट चारचौघांत जाई, आणि त्या काळात तिचे लग्न आधीच झालेले असल्याने सासरी पाठवण्याची वेळ आली असा त्याचा अर्थ असे. ती प्रथा गेली हे चांगलेच झाले. मात्र तिच्याबरोबर बायकांनी एकत्र बसून शरीराबद्दल बोलण्याची एक जागाही गेली.

वारली समाजात अशी जागा अजून काही प्रमाणात टिकून आहे. लग्नाच्या वेळी घराच्या आतल्या, गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. बांबूच्या काडीचे टोक ठेचून केलेला कुंचला पिठात बुडवायचा आणि आधी चौकोनाची किनार ओढायची: त्रिकोणांच्या, साखळीच्या, नागमोडी रेषांच्या ओळी, एकीत एक. मधल्या जागेत पालघट देवी येते. ही सुफलनाची, भरलेल्या घटाची देवी. तिच्याभोवती झाडे, जनावरे, माणसे. शेजारी लहान चौकात पंचशिऱ्या हा देव. लिहिताना बायका गातात, आणि लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे एक बाईच. तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. धरित्री पिकते तशी बाई फळते ही कल्पना चौकातून आणि गाण्यातून लहान पोरींच्या कानावर पडते, त्यांच्याच बोलीत, आजी-आत्यांच्या तोंडून, कुणी लाजत नसताना. हळदीच्या रात्रीची चिडवाचिडवीची गाणी किनाऱ्यावरच्या कोळी-मांगेला वस्त्यांतही आहेत; तिथेही व्याह्यांच्या थट्टेतून पुष्कळ काही सांगून जातात. भात झोडपून झाल्यावर तारपा हे वाद्य वाजवणाऱ्याभोवती तरुण मुले-मुली हात धरून नाचतात, चैत्रात डहाणूजवळच्या महालक्ष्मीच्या जत्रेत एकमेकांना पाहतात, आणि या पाहण्याला समाजाची मुभा असते.

या मोकळेपणाला ज्ञान समजण्याची चूक शहरातला माणूस लगेच करतो. गाण्यातून नाते कळते. गर्भनिरोधन, रक्तक्षय, दोन मुलांतले अंतर गाण्यातून कळत नाही. लग्नाच्या खर्चाने वारली माणूस सावकाराचा वेठबिगार होत असे. त्या 'लग्नगडी' पद्धतीचे वर्णन गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात केले आहे, आणि १९४५ च्या वारल्यांच्या लढ्याने ती मोडली. खर्च मात्र उरला, त्यामुळे जोडपी आधी एकत्र राहतात, मुले होतात आणि लग्नविधी जमेल तेव्हा होतो. यात नैतिक प्रश्न काही नाही. आरोग्याचा प्रश्न आहे, कारण एकत्र राहायला लागणाऱ्या मुलीचे वय अनेकदा कमी असते. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या १९९२ मधल्या बालमृत्यूंनी राज्य हादरले. कुपोषण त्या वेळी चर्चेत आले. कोवळ्या वयातल्या, अशक्त आईचे बाळंतपण हा त्याच साखळीतला आधीचा दुवा आहे.

या मुलांपैकी पुष्कळशी आश्रमशाळेत वाढतात. डहाणू आणि जव्हारच्या आदिवासी विकास प्रकल्पांखाली अशा निवासी शाळा चालतात आणि काही मुले सहाव्या-सातव्या वर्षीच घर सोडून तिथे येतात. धवलेरीचे गाणे सुट्टीपुरते उरते, आईही सुट्टीपुरतीच. पाळी वसतिगृहात येते तेव्हा सांगणारी असते वरच्या वर्गातली मुलगी किंवा अधीक्षिका. अधीक्षिका मायेची असेल तर मुलीला आई मिळाल्यासारखे होते. कठोर असेल तर पॅड मागायचीही चोरी. एका माणसाच्या स्वभावावर इतके अवलंबून ठेवणे कोणत्याही शिक्षणात चालवून घेतले जात नाही, इथे घेतले जाते.

मुलग्यांसाठी बोलणारी पहिली गोष्ट माणूस नसते, भिंत असते. रेल्वेलगतच्या भिंतींवर आणि लोकलच्या डब्यांत 'गुप्तरोग', 'मर्दानी कमजोरी', 'शर्तिया इलाज' यांच्या जाहिराती वर्षानुवर्षे आहेत. २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत जाऊ लागल्या आणि पालघर-बोईसरचा शाळा-कॉलेजातला मुलगाही या जाहिरातींचा रोजचा वाचक झाला. हस्तमैथुनाने शरीर खंगते, झोपेत वीर्य जाणे हा 'स्वप्नदोष' आहे, 'धातू जाते' म्हणून थकवा येतो, हे तो इथे शिकतो. वैद्यकदृष्ट्या यातले काहीही खरे नाही. वीर्य शरीरात सतत तयार होते आणि ते जाण्याने अशक्तपणा येत नाही. तरी ही भीती आपल्या उपखंडात इतकी खोल आहे की मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये तिला 'धात सिंड्रोम' असे नाव दिले: अंग दुखते, झोप लागत नाही, मन उदास राहते आणि रुग्ण सगळ्याचे कारण वीर्यनाश समजतो. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्याने बंदी आहे. भिंतीवरचा रंग अजून वाळतोच आहे. घराने 'स्वप्नदोष' या शब्दातला 'दोष' वेळीच काढून टाकला असता, तर या दुकानांची निम्मी गिऱ्हाइके कमी झाली असती.

सिनेमा आणि सरकारी प्रचार यांनी निराळे शब्द दिले. १९६८ मध्ये 'निरोध' आला आणि लाल त्रिकोण गावोगावच्या दवाखान्यांवर झळकला. कंडोमला तेव्हापासून कितीतरी वर्षे लोकांनी निरोधच म्हटले. संततिनियमन पोहोचले, पण विवाहित जोडप्यासाठी, 'छोटे कुटुंब' या चौकटीत. एड्सच्या भीतीने ती चौकट मोडली. २००२ च्या अखेरीस मुंबईत बलबीर पाशा या काल्पनिक पात्राची मोहीम सुरू झाली. बलबीर पाशाला एड्स होईल का, एवढाच प्रश्न फलकांवर होता आणि गाडीत अनोळखी माणसे त्यावर बोलू लागली. तिच्यावर टीकाही झाली, कारण रोगाचा ठपका पुन्हा वेश्याव्यवसायातल्या बाईवर येत होता. पण लैंगिक संबंधांची जोखीम हा विषय तिने चारचौघांत आणला.

मराठी सिनेमात हे काम रवी जाधव यांच्या 'बालक-पालक'ने केले. जानेवारी २०१३ मध्ये आलेल्या या चित्रपटाच्या निर्मात्यांमध्ये रितेश देशमुखबरोबर विरारचे उत्तुंग ठाकूर होते. चाळीतली मुले एका शब्दाचा अर्थ शोधायला निघतात, मोठे टाळतात, मग वयाने जरा मोठा मुलगा त्यांना पिवळ्या पुस्तकांपर्यंत आणि व्हिडिओ कॅसेटपर्यंत नेतो. शेवटी एक काका त्यांना समोर बसवून बोलतात. मुले बिघडलेली नव्हती, त्यांना उत्तर हवे होते, हे त्या चित्रपटाने आईबापांना पटवले. 'शाळा', 'फँड्री', 'सैराट' यांनी कोवळ्या वयातली ओढ आणि तिच्यात शिरणारी जात दाखवली. एरवीच्या हिंदी-मराठी सिनेमाने मात्र मुलांना बराच काळ एक घातक व्याकरण शिकवले: ती नाही म्हणते म्हणजे हो म्हणते, पाठलाग केला की प्रेम मिळते.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि वरच्या सगळ्या शिक्षकांना मागे टाकणारा शिक्षक खिशात आला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा 'ऑनलाइन अभ्यासा'साठी फोन मुलांच्या हाती अधिकृतपणे गेला. जव्हारच्या बाजूला रेंजसाठी मुले टेकडीवर जाऊन बसत. बोईसरच्या खोलीत ती गोधडीखाली, हेडफोन लावून. दहा बाय बाराच्या घरात जो एकांत कुणालाच नव्हता, तो पाच इंचांच्या पडद्यावर मिळाला. फोनचे आकर्षण नुसत्या अश्लीलतेने उलगडत नाही.

फोनही शब्दांवरच चालतो, आणि जुनी अडचण इथे नव्या रूपात उभी राहते. शोधयंत्र विचारलेल्या शब्दाप्रमाणे उत्तर देते. मुलीला अंगावरून पांढरे जाते. तिच्याकडे शब्द आहे 'सफेद पानी', हिंदी व्हिडिओंतून आलेला. या शब्दामागे चांगला डॉक्टर भेटेल किंवा कमजोरीवरचे टॉनिक विकणारा. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत थोडे पांढरे जाणे नैसर्गिक आहे, वास, खाज किंवा रंग बदलला तर तपासून घ्यावे, ही दोन वाक्ये तिला हवी असतात. मुलाकडे शिवीतला शब्द आहे. तो टाकला की थेट पोर्नोग्राफी उघडते. ज्याला पुस्तकातला शब्द आठवतो आणि नीट लिहिता येतो, त्यालाच वैद्यकीय माहिती सापडते. घरी वारली बोलणाऱ्या, मराठी शाळेत शिकणाऱ्या आणि हिंदीत बोलून शोधणाऱ्या मुलाला हा टप्पा सर्वांत अवघड जातो.

पोर्नोग्राफीने मुले उद्या गुन्हेगार होतात असा सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. पण ती काय शिकवते हे ठाऊक असायला हवे. तिथे कुणी विचारत नाही, कुणी नको म्हणत नाही, कंडोम क्वचित दिसतो, बाई नेहमी तयार असते. ते नट आहेत, चित्रीकरण कापून जोडलेले असते, शरीरे निवडून घेतलेली असतात. पाहणारा पंधरा वर्षांचा मुलगा हे जाणत नाही आणि स्वतःचे शरीर त्या मापाने मोजतो. मुली रीळमधल्या गोऱ्या, गुळगुळीत चेहऱ्यांशी स्वतःची तुलना करतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ८२७ संकेतस्थळे बंद करायला लावली. त्यानंतर तोच मजकूर टेलिग्राम आणि व्हॉट्सअॅपवरून फिरू लागला. बंदीने वाट बदलली, मुलाचा प्रश्न होता तिथेच राहिला.

नवा धोका वेगळ्याच जागी आहे. विश्वासाने पाठवलेला फोटो पुढे धमकीचे हत्यार होतो, आणि अशा वेळी मुलगी घरी सांगत नाही, कारण फोन काढून घेतला जाईल आणि शाळा बंद होईल हे तिला ठाऊक असते. पैसे द्यायचे नाहीत, संदेश पुसायचे नाहीत, विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगायचे. १०९८ ही मुलांची मदतवाहिनी आहे, पैसे उकळले जात असतील तर १९३० ही सायबर मदतवाहिनी आहे. हे प्रत्येक मुलीला आणि मुलाला फोन हातात देण्याआधी सांगण्यासारखे आहे.

याच फोनने काही मुलांना एकटेपणातून सोडवलेही आहे. एखाद्या मुलाला मुलाविषयीच ओढ वाटते तेव्हा त्याच्या गावात त्यासाठी फक्त शिव्या असतात. मुंबईत 'हमसफर ट्रस्ट' १९९४ पासून काम करते, सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले, आपल्यासारखी इतरही माणसे आहेत: हे त्याला फोनवरच कळते. त्या वयात ही माहिती जीव वाचवू शकते.

शाळेचे काय? दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २' या पुस्तकात पुरुष आणि स्त्री प्रजननसंस्था, ऋतुचक्र, त्याचे नियंत्रण करणारी संप्रेरके, टेस्ट ट्यूब बेबी, प्रजनन आरोग्य हे सगळे आहे, आणि नीट लिहिलेले आहे. तो धडा अनेक वर्गांत 'घरी वाचून या' म्हणून सुटतो किंवा आकृत्यांपुरता उरतो. शिवाय तो पंधराव्या वर्षी येतो. मुलीची पाळी तोवर दोन-तीन वर्षांची झालेली असते, आणि डोंगरातल्या तालुक्यांत कितीतरी मुलींची शाळा दहावीच्या आधीच सुटलेली असते. ओढ, संमती, नकार, भीती यांना त्यात जागा नाही.

जागा करण्याचा प्रयत्न झाला होता. केंद्राने २००५ मध्ये किशोरवयीनांसाठी शिक्षण कार्यक्रम आणला. २००७ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळात त्याच्या साहित्यावरून गदारोळ झाला आणि राज्याने तो थांबवला. इतर काही राज्यांनीही तेच केले. त्याच सुमारास, २००६-०७ मध्ये, महाराष्ट्रासह सहा राज्यांत तरुणांची मोठी पाहणी झाली. लैंगिक शिक्षण मिळालेले तरुण सुमारे पंधरा टक्के निघाले, तर ते मिळायला हवे असे दहापैकी आठ जणांचे मत होते. मुले मागत होती आणि मोठी माणसे नाकारत होती. र. धों. कर्वे यांच्यावरच्या खटल्यांनंतर इतक्या वर्षांनी हे घडावे, हे महाराष्ट्राला शोभणारे नव्हते. कर्व्यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यात दिलेल्या सरळ उत्तरांवरून त्यांना १९३४ मध्ये कोर्टात उभे केले गेले, त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, आणि कर्व्यांना दंड झाला. प्रश्न विचारणारे वाचक तेव्हाही होते.

लैंगिक शिक्षणाने मुले लवकर संबंध ठेवू लागतात, हा विरोधाचा मुख्य मुद्दा. युनेस्कोने २०१८ मध्ये सुधारून काढलेल्या मार्गदर्शिकेसाठी जगभरचे अभ्यास तपासले गेले. त्यांत असे दिसले नाही. माहिती मिळालेली मुले उलट गर्भनिरोधके जास्त वापरतात. स्वीडनमध्ये हे शिक्षण १९५५ पासून सक्तीचे आहे.

कायदा मात्र शिक्षणाची वाट पाहत थांबलेला नाही. नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्तीशी शरीरसंबंध हा गुन्हा आहे, तिची इच्छा असली तरी, आणि असा गुन्हा माहीत असणाऱ्याने तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. सतरा वर्षांची मुलगी आणि एकोणीसचा मुलगा स्वखुशीने एकत्र राहत असतील तरी मुलगा आरोपी होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. डोंगरपट्ट्यात हा कायदा थेट घरात येतो: दिवस गेलेली मुलगी दवाखान्यात जायला घाबरते, कारण दवाखान्यातून पोलीस ठाण्यात खबर जाते. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यावर थोडा मार्ग काढला. अल्पवयीन मुलीने किंवा तिच्या पालकांनी विनंती केली तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचे नाव व ओळख सांगण्याची गरज नाही. हे ज्यांना माहीत असायला हवे, त्या मुलींपर्यंत ते क्वचितच पोहोचते.

मदतीच्या जागा कागदावर तरी आहेत. जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वयोगटासाठी दवाखान्यांत स्वतंत्र समुपदेशन आहे. महाराष्ट्रात त्याला 'मैत्री क्लिनिक' म्हणतात. २०१७ मध्ये त्याच कार्यक्रमासाठी आलेल्या 'साथिया' या संचाने नकार म्हणजे नकारच आणि समान लिंगाच्या व्यक्तीविषयी ओढ वाटणे स्वाभाविक आहे, हे सरकारी कागदावर आणले. गावात आशाताई आणि अंगणवाडीताई असतात. अंगणवाडीची कल्पना याच जिल्ह्यातली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ नंतर कोसबाडला ती वाढवली. मुले शाळेत येत नसतील तर शाळा मुलांच्या अंगणात न्यायची, हे त्यांचे सूत्र होते. लैंगिक शिक्षणालाही त्या सूत्राची गरज आहे. बोलणारी ताई मुलीच्या बोलीत बोलणारी असेल, तर मुलगी दवाखान्यापर्यंत येते.

घराने काय करायचे, यासाठी फार मोठ्या तयारीची गरज नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला अवयवांची नावे सांगावीत आणि तिथे दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही हेही त्याच दमात सांगावे. सात-आठ वर्षांच्या मुलाने 'बाळ कुठून येते' विचारले तर 'आईच्या पोटातल्या पिशवीतून' हे उत्तर पुरते. पुढचे तो विचारेल तेव्हा सांगावे. नऊ-दहाव्या वर्षी, पाळीच्या आधी, मुलीला पाळीबद्दल सांगावे, आणि त्याच वयात मुलालाही. झोपेत वीर्य जाते हे मुलाला बाराव्या वर्षाच्या आत कळावे. उत्तर येत नसेल तर 'मला माहीत नाही, विचारून सांगते' म्हणावे आणि खरोखर सांगावे. पालकांना संकोच वाटणार, तो मुलांना दिसणार. त्याने काही बिघडत नाही.

शाळेत बोलणे कसे उघडते, याची रीत गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांच्या 'तारुण्यभान' शिबिरांसारख्या कामांतून महाराष्ट्राला परिचित झाली आहे. मुलांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत येऊ द्यायचे आणि त्यांना सरळ उत्तर द्यायचे. त्यासाठी अनेक शिक्षक प्रश्नपेटी ठेवतात. बुटाच्या खोक्याला वर फट पाडलेली असते. सर्वांनी चिठ्ठी टाकायची, प्रश्न नसेल तरी कोरी, म्हणजे कुणाची चिठ्ठी कोणती ते कळत नाही. वहीच्या पानांचे चतकोर येतात, आठ घड्या घातलेले, हस्ताक्षर मुद्दाम बिघडवलेले. काही हिंदीत, काही मराठीत, काही बोलीत, काहींत शिवीचा शब्द, कारण लिहिणाऱ्याजवळ दुसरा नसतो. अनुभवी ताई तो शब्द वाचून रागावत नाही. ती फळ्यावर त्याच्या शेजारी पुस्तकातला शब्द लिहिते, मग वर्गाला विचारते की तुमच्या घरी याला काय म्हणतात. पहिली पाच मिनिटे हसण्यात जातात. मग कुणीतरी एक शब्द सांगते, दुसरे कुणी दुसरा सांगते, आणि चिठ्ठीतल्या प्रश्नाचे उत्तर सुरू होते.